फुटबॉलचे स्टेडियम : रचना, पैसा आणि प्रेक्षकाची नजर

मैदान आणि स्टेडियम हे दोन शब्द मराठीत आज जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांच्या मागच्या गरजा वेगळ्या आहेत. मैदान खेळणाऱ्यासाठी असते, तर स्टेडियम पाहणाऱ्यासाठी. फुटबॉलला लागणारी जागा आंतरराष्ट्रीय सामन्यांत रूढ झालेल्या मापाने 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकरांच्या आसपास भरते, आणि ती सपाट करून, चुना आखून, दोन गोलखांब रोवले की खेळ सुरू होतो. त्या आयताभोवती जे काही उभे राहते, म्हणजे पायऱ्या, खुर्च्या, छप्पर, जिने, दिवे आणि वाहनतळ, ते सारे प्रेक्षकासाठी उभे राहते आणि त्याचा खर्चही बहुतांशी प्रेक्षकाच्या खिशातून किंवा प्रेक्षक नसलेल्या करदात्याच्या खिशातून भागवावा लागतो. म्हणून स्टेडियमची रचना आणि त्याचा निधी हे विषय वास्तुशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा दोन कप्प्यांत वेगळे ठेवून नीट कळत नाहीत. वाढवलेली प्रत्येक ओळ मैदानापासून अधिक दूर, जमिनीपासून अधिक उंच आणि बांधायला अधिक महाग असते, पण तिच्यावरून दिसणारा खेळ मात्र आधीच्या ओळीपेक्षा लहान होत जातो. या एका विसंगतीभोवती हा सारा विषय फिरतो.

हा विषय विवळवेढ्याच्या नजरेतून पाहण्याला एक कारण आहे. डहाणू तालुक्यातले हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटी नाक्याच्या पुढे, महालक्ष्मीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस येथे जत्रा भरते, देवीच्या गडावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याकडे असतो, आणि पालघर, ठाणे, नाशिक, दादरा-नगर हवेली व गुजरातेतून लोक लोटतात. मोठ्या संख्येने माणसे एका जागी आणणे, त्यांना काही पाहू देणे आणि सुखरूप घरी पाठवणे हे स्टेडियमचे मूळ काम या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. फुटबॉलचे स्टेडियम मात्र येथे नाही आणि डहाणू-तलासरीतल्या मुलाला मोठा सामना पाहायचा तर नवी मुंबईतले नेरूळ गाठावे लागते. असे असताना एखाद्या आदिवासी तालुक्यात कोणत्या आकाराचे क्रीडांगण उभे राहावे आणि ते कोणाच्या पैशाने, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

प्रथम नजरेचे गणित पाहिले पाहिजे, कारण बाकीची रचना त्यातून निघते. जत्रेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून तमाशा दिसावा म्हणून बाप मुलाला खांद्यावर घेतो. स्टेडियमच्या पायऱ्या हेच काम प्रत्येक प्रेक्षकासाठी करतात. मागच्या माणसाची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांपासून किती वरून जाते, या उभ्या अंतराला स्थापत्याच्या भाषेत ‘सी-मूल्य’ म्हणतात. ते 9 सेंटिमीटर असेल तर दृश्य समाधानकारक आणि 12 सेंटिमीटर असेल तर उत्तम मानले जाते. एखाद्या प्रेक्षकाचा डोळा मैदानाच्या जवळच्या कडेपासून 10 मीटर मागे आणि 2 मीटर वर आहे आणि ओळीची रुंदी 80 सेंटिमीटर आहे असे धरले, तर 9 सेंटिमीटरचे सी-मूल्य मिळवण्यासाठी त्याच्या मागची ओळ सुमारे 26 सेंटिमीटर उचलावी लागते आणि 12 साठी सुमारे 29. 9 सेंटिमीटरचा तोच हिशेब 40 मीटर मागे आणि 14 मीटर उंचीवर केला, तर पायरी 37 सेंटिमीटरच्या आसपास जाते. याचा अर्थ गॅलरी सरळ उताराची राहत नाही, ती मागे जाताना वाडग्याच्या कडेसारखी वर वळते. पण हा चढ साधारण 34-35 अंशांच्या पुढे नेणे धोक्याचे समजले जाते, कारण त्यापुढे पायऱ्या उतरणाऱ्याला तोल सांभाळणे जड जाते. उंची वाढली की काँक्रीट, पोलाद आणि जिने वाढतात. वरची खुर्ची खालच्या खुर्चीपेक्षा महाग पडते ती येथे, आणि तिकीट मात्र तिचेच स्वस्त ठेवावे लागते.

महाराष्ट्रातल्या मोठ्या क्रीडागारांची अडचण या गणिताच्या आधीच सुरू होते, कारण ती निव्वळ फुटबॉलसाठी बांधलेली नाहीत. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम 2008 साली सुरू झाले, वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी त्याची आखणी केली आणि सुमारे 55 हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या त्या वास्तूत छपराचा एकही खांब प्रेक्षक आणि खेळ यांच्या मध्ये येत नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकातला स्पेन विरुद्ध माली हा उपांत्य सामना, 2022 च्या फेब्रुवारीतला महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला झालेला मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना, असे जागतिक दर्जाचे फुटबॉल महाराष्ट्राने येथेच पाहिले. तरीही मुळात ते क्रिकेटचे मैदान आहे. क्रिकेटच्या वर्तुळाचा व्यास दीडशे मीटर धरला आणि त्याच्या मध्यावर 68 मीटर रुंदीचे फुटबॉलचे मैदान आखले, तर दोन्ही बाजूंना सुमारे 41 मीटर हिरवळ मोकळी उरते. पहिल्या ओळीत बसलेला प्रेक्षकही खेळापासून एका मध्यम इमारतीच्या उंचीइतका दूर असतो. चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि फुटबॉलच्या प्रेक्षकाला तो आवाज हवा असतो.

पुण्याजवळच्या बालेवाडीत हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात फुटबॉलच्या मैदानाभोवती धावमार्ग आहे, त्यामुळे प्रेक्षक बाजूने दूर राहतो आणि गोलखांबांच्या मागे तर फारच दूर. एका जागेत अनेक खेळ बसवण्याची सरकारी वृत्ती समजण्यासारखी आहे, कारण पैसा एकदाच मिळतो आणि मागणारे खेळ पुष्कळ असतात. पण त्या तडजोडीची किंमत कायम त्याच खेळाला मोजावी लागते, ज्याचा प्रेक्षक खेळाच्या जवळ बसण्यासाठी येतो.

कोल्हापूर या बाबतीत वेगळे आहे आणि मराठी वाचकाने फुटबॉलचा विचार करताना नेरूळआधी कोल्हापूरकडे पाहावे, असे येथे आग्रहाने म्हणावेसे वाटते. छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारख्या संघांचे समर्थक पेठापेठांतून येऊन बसतात. कुस्तीसाठी जन्मलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसावेत, ही गोष्ट महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच घडली असेल. तिथले स्टेडियम भव्य नाही, छपराचे कौतुक करावे असेही तेथे काही नाही. पण प्रेक्षक आधी आणि वास्तू नंतर, हा योग्य क्रम तेथे आहे. 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातून आला. ज्या गावात दर मोसमात पायऱ्या भरतात, त्या गावात पायऱ्या वाढवण्याचा खर्च वाया जात नाही. ज्या गावात तसे घडत नाही, तेथे पायऱ्यांनी प्रेक्षक निर्माण होत नाहीत.

छपराचा प्रश्न डहाणूच्या संदर्भात विशेष तपशिलाने पाहावा लागतो. खांबाविना पुढे आलेल्या छपराला कँटिलिव्हर म्हणतात, म्हणजे खिडकीवरच्या छज्ज्याप्रमाणे एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली रचना. छज्जा दोन फुटांचा असतो आणि स्टेडियमचे छप्पर तीस-चाळीस मीटर पुढे येऊ शकते, एवढाच फरक दिसत असला तरी धरलेल्या टोकावर येणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि छप्पर दुप्पट पुढे आणले की तो चौपट होतो. शिवाय छपराचा खरा शत्रू त्याचे वजन नसून वारा असतो, कारण वरून वेगाने जाणारी हवा छपराला वर ओढते. वादळात घराचे पत्रे आत कोसळत नाहीत, उडून जातात, हे किनारपट्टीच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यात या भागाला भूकंपाची जोड आहे. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात आणि तलासरीच्या बाजूला लहान-मध्यम धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांना घराबाहेर तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत हा प्रदेश तिसऱ्या भूकंपक्षेत्रात मोडतो. तिसऱ्या क्षेत्रात मोठे छप्पर बांधता येत नाही असे नाही, मात्र त्यासाठी पाया, सांधे आणि पोलाद यांवरचा खर्च वाढतो आणि अंदाजपत्रकातला हा भाग उद्घाटनाच्या छायाचित्रात कोणाला दिसत नाही. विवळवेढ्यासारख्या ठिकाणी दोन हजार माणसांवर पश्चिमेच्या उन्हापासून सावली धरणारे, खांबांवरचे साधे छप्परही चालू शकते, कारण एवढ्या उथळ गॅलरीत खांब मागच्या ओळीच्या पाठीशी नेता येतात.

मैदानाच्या पृष्ठभागाबद्दल मराठी वाचकाला एक गोष्ट सुखद वाटेल. उष्ण प्रदेशातल्या फुटबॉल मैदानांवर जे ‘बर्म्युडा’ गवत जगभर लावले जाते, ते शास्त्रीय नावाने आपली हरळी आहे, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. शेतकरी जिला बांधावरून उपटून काढताना मेटाकुटीला येतो, तिचाच चिवटपणा येथे कामी येतो, कारण बुटांच्या खिळ्यांनी फाटलेली जागा ती धावत्या खोडांनी पुन्हा भरून काढते. अर्थात स्टेडियमवर लावतात ते तिचे बारीक पानांचे संकरित वाण असते आणि त्याला खाली वाळूचा थर, त्याखाली खडी आणि खडीत छिद्रे पाडलेल्या निचऱ्याच्या नळ्या लागतात. डहाणूत वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. काळ्या किंवा चिकण मातीवर थेट गवत लावलेले मैदान जुलैत चिखल होते आणि एप्रिलमध्ये फरशीसारखे कडक. निचऱ्याच्या नळ्या जमिनीखाली जातात, त्यांच्यावर कोनशिला बसत नाही, म्हणून निधी अपुरा पडला की पहिली कात्री त्यांनाच लागते. क्रीडांगणाचे आयुष्य कमी होण्याचे याहून मोठे कारण क्वचितच सापडेल.

गर्दीच्या सुरक्षिततेचे नियम जगाने फार मोठी किंमत मोजून शिकले आहेत. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिल 1989 रोजी जाळीच्या कुंपणाशी चेंगरून 97 माणसे दगावली. त्यानंतर 1990 मध्ये आलेल्या टेलर अहवालाने उभ्याने पाहण्याच्या गॅलऱ्या मोडीत काढून प्रत्येकाला खुर्ची देण्याची शिफारस केली आणि आज दिसणारे आधुनिक स्टेडियम पुष्कळ अंशी त्या अहवालातून जन्मले. भारतात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर 16 ऑगस्ट 1980 रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात 16 जण मृत्युमुखी पडले. मराठी माणसाला मात्र गर्दीचा मृत्यू आठवतो तो मांढरदेवीचा. 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत डोंगरावरच्या अरुंद वाटेवर तीनशेच्या आसपास भाविक गेले. देव आणि चेंडू यांत फरक असला तरी अरुंद उतार, दोन्ही दिशांनी येणारी माणसे आणि मागच्यांना पुढे काय घडले ते न कळणे ही कारणे सारखीच असतात. म्हणून ब्रिटिश मार्गदर्शिकेत एका मीटर रुंदीच्या जिन्यातून मिनिटाला 66 माणसे उतरतात असे धरून साधारण 8 मिनिटांत गॅलरी रिकामी होईल अशी रचना मागितली जाते. या हिशेबाने 50 हजार प्रेक्षकांसाठी जिन्यांची एकत्रित रुंदी सुमारे 95 मीटर, तर 3 हजारांसाठी सहा मीटरांपेक्षा थोडी कमी लागते. लहान क्रीडांगण सुरक्षित ठेवणे तालुक्याच्या आवाक्यातले आहे, ते या आकड्यांवरून कळते.

आता पैशाकडे वळता येईल. स्टेडियमचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक उभारणीचा, जो एकदाच होतो आणि गाजतो. दुसरा चालवण्याचा, जो दरवर्षी होतो आणि ज्याची बातमी होत नाही. जर्मनीतल्या म्युनिकचे अलियान्झ अरेना 2005 साली सुमारे 34 कोटी युरो खर्चून उभे राहिले. बांधकामाचा पैसा बायर्न म्युनिक आणि 1860 म्युनिक या दोन क्लबांनी कर्ज काढून उभा केला, विमा कंपनीने स्वतःचे नाव देण्यासाठी पैसे मोजले, आणि रस्ते व रेल्वेसारख्या भोवतालच्या सोयींवर सार्वजनिक पैसा घालावा की नाही, यासाठी 2001 मध्ये शहरात सार्वमत घेतले गेले. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिल्यावरच काम सुरू झाले. बायर्नने आपले कर्ज ठरल्या मुदतीच्या कितीतरी आधी, 2014 पर्यंत फेडले. उलट ब्राझीलची राजधानी ब्राझिलियातले माने गारिंचा स्टेडियम 2014 च्या विश्वचषकासाठी 70 हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी सार्वजनिक पैशाने पुन्हा बांधले गेले. पण त्या शहरात पहिल्या दर्जाचा क्लबच नव्हता, आणि विश्वचषक संपल्यावर त्याच्या आवारात बसगाड्या उभ्या राहू लागल्या.

भारतातला हिशेब उदाहरणाने मांडला तर अधिक उघडा पडतो. समजा, 100 कोटी रुपये 9 टक्के व्याजाने घेतले, तर वर्षाचे व्याजच 9 कोटी होते. एखाद्या क्लबचे 12 सामने घरच्या मैदानावर झाले, प्रत्येक सामन्याला 7 हजार माणसे आली आणि प्रत्येकाने 300 रुपये दिले, तर तिकिटांचे उत्पन्न अडीच कोटींच्या थोडे पुढे जाते. मुद्दल सोडाच, व्याजही त्यातून भागत नाही. नेरूळच्या स्टेडियममागे डॉ. डी. वाय. पाटील यांचा शिक्षणसमूह उभा आहे आणि आयपीएलचे सामने, संगीताचे मोठे कार्यक्रम, 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिलांनी जिंकलेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना अशा अनेक प्रसंगांवर ती वास्तू चालते. निव्वळ फुटबॉलच्या बळावर 55 हजार खुर्च्या महाराष्ट्रात आज तग धरू शकत नाहीत.

मुंबई सिटी क्लबची वाटचाल याची साक्ष देते. इंडियन सुपर लीगचे पहिले दोन मोसम नेरूळला खेळून 2016 पासून हा क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, महापालिकेच्या मालकीच्या आणि सात-आठ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर आला. 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने त्यात 65 टक्के हिस्सा घेतला, 2021 आणि 2024 मध्ये त्याने लीगचा चषक जिंकला, तरी घर तेवढेच राहिले. 2023 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सामन्यांसाठी त्याला बालेवाडीला जावे लागले आणि 6 नोव्हेंबरला सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्ध खेळण्यासाठी पुन्हा नेरूळला. मुंबईसारख्या शहरात विजेत्या क्लबला आपल्या मापाचे, पंधरा-वीस हजारांचे, फक्त फुटबॉलचे घर नाही. महाराष्ट्रातल्या फुटबॉलची खरी उणीव ही मधल्या आकाराची आहे.

डहाणू-तलासरीत प्रश्न मधल्या आकाराचाही नाही, पायाभूत मैदानाचा आहे, आणि तो जमिनीपासून सुरू होतो. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तेव्हा 1996 च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीचा विचार घेणे बंधनकारक आहे आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे सहजासहजी होत नाही. डहाणू तालुका 20 जून 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. या बंधनांना अडथळे म्हणून हिणवण्याची सवय वाईट आहे. म्युनिकने सार्वमत घेतले तेव्हा त्याला लोकशाही म्हटले गेले, मग विवळवेढ्याच्या ग्रामसभेने हाच प्रश्न विचारला तर त्याला विकासाला विरोध का म्हणावे? पैशाच्या वाटाही अगदी बंद नाहीत. तालुका क्रीडा संकुलाची राज्य योजना, जिल्हा नियोजन समिती, केंद्राची खेलो इंडिया योजना, वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी आणि 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर करता येणारा सामाजिक दायित्वाचा खर्च, असे अनेक झरे आहेत. त्यांतला बहुतेक पैसा बांधकामासाठी येतो. हरळी कापणारा माणूस, पाण्याचा पंप, विजेचे बिल आणि गोलखांबाची जाळी यांसाठी तो क्वचितच येतो. म्हणून देखभालीसाठी वेगळा, हात न लावता येणारा ठेव-निधी उभारल्याशिवाय उभारणीला मंजुरी देऊ नये, हा नियम शासनाने करायला हवा.

खुर्च्यांच्या बाबतीत जत्रेकडून काही घेण्यासारखे आहे. आकाशपाळणे आणि दुकाने पंधरा दिवसांसाठी उभी राहतात, गर्दी सांभाळतात आणि मग सांधे सोडवून ट्रकवर चढतात. कतारने 2022 च्या विश्वचषकासाठी 974 जहाजी कंटेनर रचून सुमारे 40 हजार प्रेक्षकांचे, सुटे करता येणारे स्टेडियम बांधले, त्याचा विचार याहून फार वेगळा नव्हता. मोठी स्पर्धा असेल तेव्हा लोखंडी पायऱ्या भाड्याने आणाव्यात, एरवी मैदान आश्रमशाळांच्या मुलामुलींना मोकळे असावे, ही रचना या भागाच्या गरजेला आणि ऐपतीला धरून आहे.

डहाणू-तलासरीला आज पन्नास हजार खुर्च्यांची गरज नाही. जुलैच्या पावसातही खेळता येईल असे, नीट निचऱ्याचे 105 बाय 68 मीटरचे मैदान, एका बाजूला दोन-तीन हजारांची सावलीतली गॅलरी, मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली आणि दहा वर्षांच्या देखभालीचा बाजूला ठेवलेला पैसा, एवढे हवे आहे, आणि ते तालुक्याच्या आवाक्यात आहे.